औषधांच्या दुकानाला कायदा देणारे कर्नल चोप्रा

शंभर वर्षांपूर्वी भारतात औषधांचे दुकान काढायला एक गाळा, थोडे भांडवल आणि बाटल्या मांडायला एक कपाट एवढे पुरत असे. दुकानदाराचे शिक्षण कोणी विचारत नसे. अफू आणि काही विषारी पदार्थांच्या विक्रीवर सरकारचे निर्बंध होते, पण तापाच्या, खोकल्याच्या किंवा हृदयविकाराच्या औषधांना तसा अडसर नव्हता. डॉक्टरने चिठ्ठी लिहायची, कंपाउंडरने मिश्रण तयार करून बाटलीत भरायचे, बाटलीला डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायची आणि रोग्याने ते विश्वासाने घ्यायचे, अशी रीत होती. कंपाउंडर कुठे शिकला, औषध कुठून आले आणि त्यात सांगितलेले घटक खरोखर आहेत का, हे पाहणारे कोणी नव्हते.

आज औषधाच्या दुकानात भिंतीवर परवाना लावलेला असतो, फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र असते आणि औषधाच्या वेष्टनावर बॅच क्रमांक व मुदतीची तारीख छापलेली असते. या सगळ्याचा आराखडा १९३०-३१ मध्ये एका समितीने तयार केला. त्या समितीचे अध्यक्ष होते कर्नल रामनाथ चोप्रा. भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते. औषध विकण्याचा अधिकार कोणाला द्यावा आणि तो कोणी द्यावा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मात्र फारसे सांगितले जात नाही. औषध घेणाऱ्या प्रत्येकाशी त्या उत्तराचा रोजचा संबंध आहे.

गुजराँवाला ते केंब्रिज

रामनाथ चोप्रा यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी पंजाबातील गुजराँवाला येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात दाखल झाले. तिथे निसर्गविज्ञानाची पदवी घेतल्यावर ते वैद्यकाकडे वळले.

केंब्रिजमध्ये त्या काळी वॉल्टर डिक्सन हे औषधशास्त्र शिकवत होते. औषधशास्त्र, म्हणजे फार्माकॉलॉजी, ही शाखा तेव्हा नवी होती. त्याआधी वैद्यकाचे विद्यार्थी औषधांची नावे, त्यांची रूपे आणि डोस पाठ करत. औषध शरीरात गेल्यावर हृदयावर, रक्तदाबावर किंवा मज्जातंतूंवर नेमके काय करते, हे प्रयोगाने तपासण्याची पद्धत युरोपात नुकती रुळत होती. डिक्सन यांना आणखी एका प्रश्नात रस होता. एकाच नावाच्या दोन बाटल्यांतील औषधाची ताकद सारखी का नसते, आणि ती सारखी ठेवायची कशी? डिजिटॅलिससारखी वनस्पतिजन्य औषधे कधी फार सौम्य, तर कधी धोकादायक इतकी तीव्र निघत. त्यांची ताकद मोजून ठरावीक पातळीवर आणणे याला प्रमाणीकरण म्हणतात. चोप्रा यांनी डिक्सन यांच्याबरोबर काम केले आणि प्रमाणीकरणाचा हा विचार त्यांच्या मनात पक्का बसला.

१९०८ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या स्पर्धापरीक्षेत तिसरे आले. ही सेवा मुळात लष्करी होती. पुढची वर्षे त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काढली. पहिल्या महायुद्धात ते पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर होते. प्रयोगशाळेत रमणाऱ्या माणसाला दहा-बारा वर्षे प्रयोगशाळेपासून लांब राहावे लागले.

कलकत्त्याची प्रयोगशाळा

१९२१ मध्ये ही संधी आली. कलकत्त्यात उष्णकटिबंधीय रोगांच्या अभ्यासासाठी स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ही संस्था सर लिओनार्ड रॉजर्स यांच्या खटपटीतून उभी राहिली होती. तिथे औषधशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून चोप्रा यांची नेमणूक झाली. कलकत्ता मेडिकल कॉलेजातही ते हा विषय शिकवू लागले. भारतात औषधशास्त्राचे प्रायोगिक संशोधन पद्धतशीरपणे सुरू झाले ते या प्रयोगशाळेत.

त्यांच्या कामाला दोन दिशा होत्या. पहिली देशी वनस्पतींची. आवेवर दिला जाणारा कुडा, कोडावर लावली जाणारी बावची अशा परंपरेने वापरात असलेल्या वनस्पती घेऊन त्यांतले क्रियाशील घटक वेगळे काढायचे, प्राण्यांवर त्यांचा परिणाम पाहायचा आणि मग रुग्णांवर काळजीपूर्वक वापर करायचा, असा त्यांचा क्रम होता. वनस्पती जुन्या ग्रंथात आहे म्हणून ती गुणकारी मानायची नाही आणि ती विलायती औषधसंहितेत नाही म्हणून टाकूनही द्यायची नाही, अशी त्यांची भूमिका होती. या कामातून १९३३ मध्ये ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या अर्काने रक्तदाब उतरतो, हे प्रयोगाने दाखवणारे संशोधन प्रसिद्ध केले. सर्पगंधेवर इतर भारतीय संशोधकही त्या सुमारास काम करत होते. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हा घटक वेगळा काढण्यात आला. उच्च रक्तदाबावर परिणामकारक ठरलेल्या पहिल्या आधुनिक औषधांत त्याची गणना होते.

कामाची दुसरी दिशा बाजारातल्या औषधांच्या दर्जाची होती. युरोपातल्या थंड हवेत टिकणारी औषधे भारतातल्या उष्म्यात आणि दमट हवेत टिकतात का, याचा चोप्रा यांनी अभ्यास केला. डिजिटॅलिसचा अर्क बोटीने येईपर्यंत, मग गोदामात आणि शेवटी दुकानाच्या फळीवर पडून राहीपर्यंत आपली ताकद गमावत असे. डॉक्टर पुस्तकात दिलेला डोस लिहीत आणि रुग्णाला प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळत असे. या प्रकारात लबाडी कोणाचीच नव्हती. तरीही हृदयविकाराच्या रुग्णाचे नुकसान व्हायचे ते होतच होते.

कोयनेलमध्ये कोयनेल किती?

लबाडीचा प्रश्न वेगळा होता आणि तो सर्वांत जास्त कोयनेलच्या बाबतीत जाणवत होता. हिवताप त्या काळी दरवर्षी लाखो लोकांचा बळी घेत असे आणि त्यावर खात्रीचे औषध कोयनेल हेच होते. सिंकोना झाडाच्या सालीपासून ते बनत असल्यामुळे महाग होते. महाग आणि मागणी असलेल्या वस्तूत भेसळ होते, तशी यातही होत होती. गोळीत कोयनेल कमी घालायचे आणि बाकीचा भाग पिठीने किंवा स्वस्त भुकटीने भरायचा, हे सोपे होते. कडू चव लागली की रुग्णाला खात्री पटत असे. ताप मात्र उतरत नसे, आणि उतरला तरी पुन्हा येत असे. अर्धवट डोस मिळालेला रुग्ण दगावला तर दोष रोगाला जाई, गोळीकडे कोणाचे लक्ष जात नसे.

औषधात भेसळ करणे हा १८६० च्या भारतीय दंड संहितेनुसार गुन्हा होता. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही होती. पण कलम असून उपयोग नव्हता. भेसळ सिद्ध करायची तर मूळ औषध कसे असावे याचे कायद्याने मान्य केलेले प्रमाण हवे, ते तपासायला सरकारी प्रयोगशाळा हवी आणि दुकानातून नमुना उचलण्याचा अधिकार असलेला निरीक्षक हवा. यांपैकी काहीच नव्हते.

या विषयावर विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाली. १९२७ मध्ये पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे तेव्हाच्या वरिष्ठ सभागृहात, औषधांच्या बेबंद व्यापाराला आळा घालण्याची मागणी करणारा ठराव मांडला. परदेशात खप नसलेला हलका माल भारताच्या बाजारात आणून ओतला जातो, अशी तक्रार सर्वत्र होती. सरकारने प्रांतांकडे विचारणा केली आणि अखेर ऑगस्ट १९३० मध्ये औषध चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद लेफ्टनंट कर्नल चोप्रा यांच्याकडे आले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत औषधशास्त्राचे काम पाहणारे जेझुइट पाद्री फादर कायस हेही समितीचे सदस्य होते.

समितीने काय सांगितले?

समितीकडे दोन प्रश्न होते. बाजारातील औषधे किती शुद्ध आणि किती ताकदीची आहेत, हा पहिला. औषधे तयार करून देण्याच्या आणि विकण्याच्या धंद्यावर काही नियंत्रण असावे का, हा दुसरा. समितीने प्रश्नावल्या पाठवल्या, देशभर फिरून डॉक्टर, व्यापारी, कारखानदार आणि कंपाउंडर यांच्या साक्षी घेतल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिला.

अहवालातले चित्र चिंताजनक होते. कमी ताकदीची आणि भेसळयुक्त औषधे सर्रास विकली जात होती. औषध बनवणारे देशी कारखाने वाढत होते, पण त्यांपैकी अनेकांकडे आपला माल तपासण्याची सोय नव्हती. दवाखान्यांत आणि दुकानांत औषध देणाऱ्या माणसांचे शिक्षण ठिकठिकाणी वेगवेगळे होते. काही प्रांतांत कंपाउंडरसाठी छोटे अभ्यासक्रम चालत, तर अनेक जण कोणाच्या तरी हाताखाली पाहून पाहून शिकलेले असत. त्यांच्यातले पुष्कळ जण हाताने निष्णात होते. पण दोन औषधे एकत्र केली तर काय होईल, किंवा डॉक्टरने चुकून दहापट डोस लिहिला तर तो कसा ओळखायचा, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

समितीने सुचवलेला उपाय सर्व बाजूंनी विचार केलेला होता. संपूर्ण देशासाठी औषधांचा एकच कायदा हवा. मध्यवर्ती प्रयोगशाळा आणि प्रांतांच्या प्रयोगशाळा हव्यात. सरकारला तांत्रिक सल्ला देणारे मंडळ हवे. भारताची स्वतःची औषधसंहिता हवी. औषधनिर्माणशास्त्राचे नीट आखलेले शिक्षण हवे. आणि हे शिक्षण घेतलेल्यांची नोंदवही ठेवणाऱ्या परिषदा हव्यात, म्हणजे नोंदवहीत नाव असलेल्या माणसाच्या हातूनच रुग्णाला औषध मिळेल.

यामागचा विचार साधा होता. प्रयोगशाळा फक्त नमुना तपासू शकते, प्रत्येक बाटली तपासणे शक्य नसते. कारखान्यातून निघालेले चांगले औषधही दुकानात चुकीच्या माणसाच्या हाती पडले तर घातक ठरू शकते. त्यामुळे मालावर नियंत्रण ठेवायचे तसे माणसावरही ठेवायला हवे. औषधांचा कायदा आणि औषध देणाऱ्यांचा कायदा ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, असे समितीचे म्हणणे होते.

दहा वर्षांची प्रतीक्षा

अहवाल आला आणि कपाटात गेला. जागतिक मंदीमुळे सरकारी तिजोरीत खडखडाट होता. पुढे १९३५ च्या घटना कायद्याने हा विषय प्रांतांच्या अखत्यारीत गेला आणि केंद्र सरकारकडे फक्त आयातीचे अधिकार उरले. १९३७ मध्ये सरकारने केवळ आयात होणाऱ्या औषधांपुरते विधेयक आणले. बाहेरून येणारा वाईट माल थांबवायचा आणि देशात तयार होणारा तसाच सोडायचा, हे कोणालाच पटले नाही. विधेयक अपुरे ठरले. मग प्रांतांकडून संमती घेऊन केंद्राने संपूर्ण कायदा करावा असे ठरले आणि १० एप्रिल १९४० रोजी औषध कायदा संमत झाला. त्याखालचे नियम यायला १९४५ साल उजाडले.

या काळात चोप्रा हातावर हात ठेवून बसले नव्हते. १९३७ मध्ये कलकत्त्यात औषधांचे प्रमाणीकरण करणारी बायोकेमिकल स्टँडर्डायझेशन लॅबोरेटरी सुरू झाली, ती त्यांच्याच देखरेखीखाली. कायदा यायच्या आधी कायदा चालवू शकणारी माणसे आणि उपकरणे तयार ठेवण्याचा हा प्रयत्न होता. याच प्रयोगशाळेतून पुढे केंद्रीय औषध प्रयोगशाळा आकाराला आली. स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे संचालकपदही त्यांच्याकडे आले होते. १९४१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

औषधनिर्माणाच्या शिक्षणाची सुरुवातही त्याच दशकात झाली. बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये औषधी रसायनशास्त्राचे शिक्षण सुरू केले आणि १९३७ मध्ये तिथे बी.फार्म.चा अभ्यासक्रम उभा राहिला. शिकलेले फार्मासिस्ट आता तयार होऊ लागले, पण त्यांना वेगळा दर्जा देणारा कायदा अजून नव्हता. पदवी घेतलेल्याला आणि काहीच न शिकलेल्याला दुकान चालवण्याचा अधिकार सारखाच होता.

नोंदवही आणि तिचा राखणदार

चोप्रा समितीच्या अहवालाचा हा उरलेला अर्धा भाग स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाला. मार्च १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. १९४९ मध्ये भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली आणि राज्याराज्यांत फार्मसी परिषदा आल्या. कामाची विभागणी अशी झाली की अभ्यासक्रम कसा असावा आणि कोणत्या महाविद्यालयाला मान्यता द्यावी हे केंद्रीय परिषद ठरवते. फार्मासिस्टची नोंदवही राज्य परिषद ठेवते.

कायद्यानुसार राज्य परिषदेला एक निबंधक, म्हणजे रजिस्ट्रार, नेमावा लागतो. तोच परिषदेचा सचिवही असतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या फार्मसी मंडळाचा कारभार बहुतेक ठिकाणी कार्यकारी संचालक पाहतो, तशाच स्वरूपाचे हे पद आहे. निबंधकाचे नाव लोकांना माहीत नसते आणि त्याच्या कार्यालयात औषधाची एक गोळीही नसते. अर्जदाराची पदविका खरी आहे का, ती मान्यताप्राप्त संस्थेची आहे का, हे पाहून नोंदवहीत नाव घालणे, मुदत संपल्यावर नूतनीकरण करणे आणि मृत व्यक्तींची नावे काढणे ही कामे त्याच्या कचेरीतून होतात. एखाद्या फार्मासिस्टने व्यवसायाला न शोभणारे वर्तन केले किंवा खोट्या कागदपत्रांवर नोंदणी मिळवली, तर चौकशी करून त्याचे नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकार परिषदेच्या कार्यकारी समितीला आहे. नाव काढले की माणसाचा व्यवसाय बंद होतो. म्हणून अशा कारवाईत म्हणणे मांडण्याची संधी आणि वर दाद मागण्याची सोयही कायद्याने ठेवली आहे.

पहिली नोंदवही तयार करताना एक अवघड तडजोड करावी लागली. शिकलेल्यांचीच नावे घालायची ठरवली असती तर देशातले बहुतेक दवाखाने आणि दुकाने एका रात्रीत बंद पडली असती. गावोगावी औषध देणाऱ्या हजारो अनुभवी कंपाउंडरांच्या पोटावर पाय आला असता. म्हणून पहिल्या नोंदवहीपुरती, ठरावीक वर्षे हे काम केलेल्यांनाही नोंदणीची मुभा देण्यात आली. त्यानंतर येणाऱ्यांना मात्र शिक्षणाची अट लागू झाली. ज्या समाजात नियमच नव्हता तिथे नियम आणताना आधीच्यांना सामावून घ्यायचे आणि दार पुढच्यांसाठी हळूहळू अरुंद करायचे, अशी ही पद्धत होती. तिचा परिणाम दिसायला एक पिढी जावी लागली.

आयुर्वेदाचे काय करायचे?

देशी औषधांवर आयुष्य घालवलेल्या चोप्रा यांच्यासमोर एक अडचण कायम होती. १९४० च्या औषध कायद्यातून आयुर्वेदिक आणि युनानी औषधे वगळलेली होती. त्यांची मोजता येतील अशी प्रमाणे ठरलेली नव्हती, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते. परंतु देशातली बरीच जनता हीच औषधे घेत होती. म्हणजे मोठ्या लोकसंख्येला या संरक्षणाचा लाभच नव्हता.

१९४६ मध्ये सरकारने देशी वैद्यकपद्धतींवर समिती नेमली, तेव्हा अध्यक्षपद पुन्हा चोप्रा यांच्याकडेच आले. दोन वर्षांनी आलेल्या अहवालात पाश्चात्त्य आणि देशी वैद्यक यांचा समन्वय साधावा, अशी शिफारस होती. विलायती वैद्यक मानणाऱ्यांना ती अशास्त्रीय वाटली आणि शुद्ध आयुर्वेदाचा आग्रह धरणाऱ्यांना भेसळीची. ती शिफारस तशीच्या तशी अमलात आली नाही. पण देशी औषधांनाही तपासणीखाली आणले पाहिजे हा मुद्दा मागे पडला नाही. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण औषध कायद्यात आले.

काश्मीरमधली वर्षे

कलकत्त्यातून निवृत्त झाल्यावर चोप्रा काश्मीरला गेले. तिथल्या वैद्यकीय सेवेचे संचालकपद त्यांनी सांभाळले आणि औषधसंशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. जम्मूतील आजच्या भारतीय समवेत औषध संस्थेचा उगम या प्रयोगशाळेत आहे. हिमालयाच्या उतारावरच्या वनस्पती गोळा करणे, त्यांची लागवड करून पाहणे आणि त्यांतले औषधी घटक तपासणे हे काम त्यांनी पंचाहत्तरीपर्यंत केले. १९४८ च्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९५६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींचा कोश प्रसिद्ध केला. वनस्पतिशास्त्राचे आणि आयुर्वेदाचे अभ्यासक आजही तो वापरतात. १९७३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

कच्चा दुवा

चोप्रा यांनी सुचवलेली रचना किती आवश्यक आहे हे ती ढिली पडते तेव्हा कळते. १९३७ मध्ये अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकोल या विषारी द्रावकात बनवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसे दगावली आणि तिथे कडक कायदा झाला. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच रसायन मिसळलेले ग्लिसरॉल रुग्णांना दिले गेले आणि १४ जण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. कायदा होता, निरीक्षक होते, प्रयोगशाळा होती, परवानेही होते. खरेदीपासून तपासणीपर्यंत ज्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी थांबवायला हवे होते, तिथे थांबवले गेले नाही, हे या चौकशीतून पुढे आले. कागदावरची साखळी पूर्ण असूनही माणसांनी आपापला दुवा सांभाळला नाही तर काय होते, याचा हा दुःखद धडा होता.

दुकानांच्या पातळीवरचा कच्चा दुवा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि त्यावर नाव असलेला फार्मासिस्ट दुकानात नसतो. प्रमाणपत्र वापरायला देऊन त्याचे पैसे घेणे हा प्रकार नोंदवहीचा मूळ हेतूच मोडून काढतो, कारण नोंदवही असते ती समोर उभ्या असलेल्या माणसाची खात्री देण्यासाठी. चिठ्ठीवरचे अक्षर नीट लागले नाही, दोन गोळ्यांची नावे सारखी वाटली, रुग्ण आधीच रक्त पातळ करणारे औषध घेत असेल किंवा बाई गरोदर असेल, अशा वेळी थांबून विचारणारा माणूस काउंटरवर हवा. पूर्वीच्या कंपाउंडरला जे शिकवलेले नव्हते ते आजच्या फार्मासिस्टला शिकवलेले असते. तो दुकानात हजर असेल तरच त्या शिक्षणाचा उपयोग.

ग्राहकालाही यात थोडे काम आहे. औषध घेताना दुकानात फार्मासिस्ट कोण, हे विचारण्यात संकोच वाटू नये. वेष्टनावर लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मागू नये. बिल घ्यावे आणि त्यावर बॅच क्रमांक आहे का ते पाहावे, कारण औषधात दोष निघाला तर तो माल कुठून आला हे त्या क्रमांकावरूनच शोधता येते. दुकानांच्या परवान्याबद्दल किंवा औषधाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात ती अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, आणि फार्मासिस्टच्या नोंदणीबद्दल असेल तर राज्याच्या फार्मसी परिषदेकडे. कोयनेलच्या गोळीत काय आहे हे विचारायची सोय १९३० साली कोणालाच नव्हती. ती सोय करून देण्यात कर्नल चोप्रा यांचा मोठा वाटा आहे. विचारायचे काम मात्र औषध घेणाऱ्याचे आहे.